गुडघ्याचं निमित्त

पावाची अख्खी खेप जळून कोळसा होत होती आणि बेकरीवाला भट्टीपासून दोन हातांवर उभा राहून पुढच्या खेपेचं पीठ मळत होता. धूर त्याच्या पाठीमागे होता. बायको मागच्या खोलीतून धावत आली, तिनं फडक्यानं भट्टीचं दार उघडलं आणि काळे ठिक्कर पडलेले पाव बघून किंचाळलीच.

"अहो, नाक काय गहाण टाकलंय? गल्लीच्या टोकापर्यंत वास गेलाय!"

बेकरीवाल्यानं आधी हसून वेळ मारून नेली. भट्टीचा काटा बिघडलाय म्हणाला. पण बायको दुकानात गेल्यावर त्यानं एकेक डबा उघडून पाहिला. व्हॅनिलाची बाटली हुंगली, तर पाणी हुंगल्यासारखं वाटलं. आंबलेल्या पिठात नाक खुपसलं, काही नाही. याच वासात तो लहानाचा मोठा झाला होता. पीठ कितपत फुगलंय हे त्याला झोपेतही कळायचं. शेवटी त्यानं मिरपूड हुंगली. नाक झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, शिंकही आली, पण मिऱ्याचा वास म्हणून काही आला नाही. झोंबणं वेगळं आणि वास येणं वेगळं, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

अंग कालपासूनच मोडून आलं होतं, कणकणही होती. भट्टीपुढे उभं राहणाऱ्याचं अंग गरमच असायचं, असं म्हणून त्यानं तापाची गोळी घेतली होती आणि दिवसभर गल्ल्यावर उभा राहिला होता. पण साथ सुरू होऊन आता बरेच महिने झाले होते. वास गेला म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"समोर जाऊन या," बायको म्हणाली.

समोर म्हणजे रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात. दवाखाना बैठा, वस्तीपुरता. पण साथ आल्यापासून त्याला दोन दारं केली होती. रस्त्याकडचं दार ताप-खोकलावाल्यांचं. बाकीच्यांनी, म्हणजे रक्तदाब, साखर, पोट, गुडघे, गर्भारपण यांनी, बाजूच्या बोळातल्या दारानं जायचं. एकाचा वारा दुसऱ्याला लागू नये अशी ती सोय होती आणि सोय चांगलीच होती. अडचण एवढीच, की तापाचं दार बेकरीच्या गल्ल्याच्या अगदी नाकासमोर यायचं.

त्यामुळे झालं असं, की कोण त्या दारानं आत गेलं याची बातमी सगळ्यात आधी बेकरीवाल्याला लागायची. आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. पावाच्या पुडीबरोबर बातमी फुकट जायची. "काल मास्तरीणबाई गेल्या बरं का. खोकत होत्या." गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरायचं, वर आणखी एक ब्रेड घ्यायचं. यात आपण कुणाचं काही वाईट करतोय असं त्याला वाटत नव्हतं. लोकांनी सावध राहिलेलं बरंच की.

मग एक दिवस इस्त्रीवाला त्या दारानं गेला. त्याला नुसतं पडसं होतं. तपासणीतही काही निघालं नाही. पण तोवर बातमी पावाबरोबर घरोघर पोचली होती. न निघाल्याची बातमी मात्र कुणी सांगितली नाही, बेकरीवाल्यानंही नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? लोकांनी इस्त्रीला कपडे टाकणं बंद केलं. बेकरीवाल्यानं स्वतःचे दोन सदरे इस्त्री न करताच परत आणले होते. अजून इस्त्रीवाल्याच्या टपरीचं एक फळकूट उघडं असायचं आणि तो आत कोळसा न पेटवता बसलेला असायचा.

"त्या दारानं?" बेकरीवाला बायकोला म्हणाला. "मी?"

बायकोनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. पण ती काही बोलायच्या आत त्याला युक्ती सुचली होती.

"मावशीचा गुडघा," तो म्हणाला.

"मावशींच्या गुडघ्याचं काय?"

"कधीची म्हणतेय, दवाखान्यात ने म्हणून. तिला बाजूच्या दारानं नेतो. तिच्याबरोबर आत गेलो की डॉक्टरीणबाईंना हळूच माझंही विचारतो. ना कुणी बघणार, ना कुणाला कळणार."

"आणि मावशींना लागलं म्हणजे?"

"लांब ठेवतो ना. मास्क आहे. मी काय तिच्या गळ्यात पडणार आहे?"

 बायकोनं त्याच्यासमोर तापाची गोळी आणि पाण्याचा पेला ठेवला. त्या दोघांतलं कोण जास्त चुकलं हे नंतरही त्यांनी कधी बोलून ठरवलं नाही.

मावशी गल्लीतच, बेकरीच्या सामानाच्या खोलीसमोर, वरच्या मजल्यावर एकटी राहायची. बेकरीवाल्याची आई तो रांगत असतानाच गेली. त्याला वाढवलं ते मावशीनं. तिचे कान कधीचेच गेले होते. यंत्र बसवून पाहिलं, पण त्यात नुसती खरखर व्हायची, म्हणून ती ओठ वाचायची. इतकं सफाईदार, की नवीन माणसाला तिला ऐकू येत नाही हे महिनाभर कळत नसे. ओठ वाचणाऱ्याला एक सोय असते, ती मावशीनं पुरेपूर वापरली होती: भांडण नको असलं की ती डोळे मिटून घ्यायची. मावशीचे यजमान हयात होते तेव्हा तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे उभे राहून ओरडत राहायचे, आणि शेवटी स्वतःच हसायचे.

साथ आली, लोकांनी तोंडं झाकली आणि मावशीचं जग एका दिवसात मुकं झालं. "सगळे नुसत्या भुवया उडवतात," ती म्हणायची. "भुवयांवरून मी काय ओळखू, दूध नासलं की म्हातारा गेला?"

बेकरीवाल्यानं खालून खुणेनं गुडघा दाखवला, मग दवाखान्याकडे बोट केलं, तेव्हा तिचा आधी विश्वासच बसला नाही. ती पायरी पायरीनं खाली उतरली ती ठेवणीतले कपडे घालून.

"दुकान सोडून आलास?" तिनं विचारलं. ऐकू न येणाऱ्या माणसांचा आवाज चढाच असतो. गल्लीत दोघांनी वळून पाहिलं. "भोपळ्या, तू माझ्यासाठी दुकान सोडलंस!"

लहानपणी तो गोलमटोल होता. ते नाव मावशीनं सोडलं नव्हतं.

तो तिच्यापुढे चांगलं चार पावलं अंतर ठेवून चालला. तिला वाटलं, गुडघ्यामुळे आपणच मागे पडतोय. "थांब रे," म्हणत ती लंगडत वेग वाढवत होती, आणि तो आणखी पुढे जात होता.

बोळातल्या दारापाशी हात धुवायला नळ होता, जमिनीवर उभं राहायला खडूची वर्तुळं होती आणि टेबलापलीकडे सिस्टर होती. तिनं ताप मोजायचं यंत्र मावशीच्या कपाळासमोर धरलं, मग त्याच्या. चोराच्या मनात चांदणं. यंत्र वाजलं तेव्हा तो दचकला. पण ते तसंच वाजायचं. गोळीनं काम चोख केलं होतं.

"ताप? खोकला? घसा?" सिस्टरनं विचारलं.

"नाही."

"वास येतोय ना नीट?"

"बेकरीवाल्याला वासाचं विचारता होय, सिस्टर?" तो म्हणाला. "तुम्ही सकाळी टोस्ट खाल्लाय की बिस्किट, ते सांगू का?"

सिस्टर हसली. मागच्या वर्तुळात उभी असलेली गर्भार बाईही हसली. सगळे हसले म्हणून काय झालं ते न कळताच मावशीही हसली, आणि सिस्टरनं हातानं "जा" म्हटलं. त्यानं आयुष्यात बऱ्याच थापा मारल्या होत्या. इतक्या सहज एकही गेली नव्हती.

आत एकाआड एक खुर्चीवर चिकटपट्टीची फुली मारली होती. सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. बेकरीवाला अगदी टोकाला, खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि तोंड बाहेर काढून श्वास घेऊ लागला. मावशी गर्भार बाईपासून एक खुर्ची सोडून बसली आणि बसल्या बसल्या सुरू झाली.

"हा माझा भाचा. भाचा कसला, मुलगाच. आजकाल कोण कुणासाठी दुकान सोडतं हो? लोक सख्ख्या आईला विचारत नाहीत. याला मी नुसतं म्हटलं होतं, गुडघा दुखतो. लक्षात ठेवलंन् बघा!"

गर्भार बाईनं कौतुकानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर खिडकीबाहेर नेली. कुणी चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर त्याला उलट बोलता आलं असतं. कौतुकाला काय उत्तर द्यायचं? त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आणि तो ताप नव्हता.

"ये की इकडे," मावशीनं हाक मारली. "असा परक्यासारखा काय उभा? आणि ते फडकं काढ जरा तोंडावरचं. किती दिवसांत तू बोललेला बघितला नाही."

त्यानं मान हलवली.

"अरे मिनिटभर! इथं कोण बघतंय? मी कुठे तुला खाणार आहे?"

त्यानं दोन्ही हात जोडले आणि पुन्हा मान हलवली. मावशीचा चेहरा पडला. ती उठली आणि गुडघ्यावर हात दाबत त्याच्याकडे यायला निघाली. तिनं स्वतःचा मास्क हनुवटीखाली ओढला होता. तो भिंतीला चिकटून बाजूला सरकला, ती जवळ आली, तो आणखी सरकला, आणि कोपरा लागला. मावशीनं रुमाल काढून त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. मग कुणाच्या ध्यानीमनी यायच्या आत त्याच रुमालानं स्वतःचं तोंड पुसलं.

त्याला ओरडावंसं वाटलं. ओरडून तरी काय उपयोग होता? तिला ऐकू येणार नव्हतं, आणि ज्यांना आलं असतं त्यांच्यापासूनच तर तो लपत होता.

तेवढ्यात सिस्टरनं आत बोलावलं.

डॉक्टरीणबाई टेबलापलीकडे मास्क आणि चष्मा लावून बसल्या होत्या. त्यांनी मावशीला बसायची खूण केली. पण मावशी बसेना.

"माझा गुडघा काही पळून जात नाही, बाई," ती म्हणाली. "तुम्ही आधी याला बघा. भट्टीपुढे उभा राहून राहून वाळलाय. कालपासून डोळे खोल गेलेत. स्वतःचं कधी सांगायचा नाही हा. लहानपणी पाय मोडला तेव्हाही सांगितलं नव्हतंन्. माझा नंबर याला द्या."

आणि तिनं त्याला खांद्याला धरून खुर्चीकडे ढकललं.

सकाळपासून त्यानं मनात वाक्य घोळवून ठेवलं होतं: बाई, सहज विचारतो, एका ओळखीच्या माणसाचा वास गेलाय. आता त्याला ते वाक्य सापडेना. खांद्यावर मावशीचा हात तसाच होता.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "कालपासून कणकण आहे. येताना गोळी घेऊन आलो."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. मावशी मागे उभी राहून हसत होती. मास्कच्या आडून तो काय बोलला ते तिला कळायचं काही कारण नव्हतं.

"सिस्टरनं दारात विचारलं नाही?"

"विचारलं. मी नाही म्हणालो."

"मग या दारानं कशाला आलात? ते दुसरं दार कुणासाठी केलंय?"

"समोर दुकान आहे ना माझं."

"माहीत आहे. पाव मीही तिथूनच नेते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बातम्यांसकट."

बेकरीवाल्यानं मास्क नाकावर आणखी वर ओढला.

"काय म्हणतायत?" मावशीनं उत्सुकतेनं विचारलं. "अशक्तपणाच आहे ना? मी म्हटलंच होतं."

डॉक्टरीणबाई उठल्या. आवाज न चढवता त्यांनी सिस्टरला हाक मारली, काय ते सांगितलं. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. दाराच्या फटीतून बेकरीवाल्याला ती गर्भार बाई दिसली. ती उठून उघड्या दाराशी गेली होती आणि तिनं एक हात पोटावर ठेवला होता. ती त्याच्याकडे रागानं बघत असती तर बरं झालं असतं. ती हिशेब लावल्यासारखी मघाची आपली खुर्ची आणि त्याची खिडकी यांच्याकडे आळीपाळीनं बघत होती.

"यांना सांगायला हवं," डॉक्टरीणबाई मावशीकडे पाहत म्हणाल्या. "वेगळं राहावं लागेल, नंतर तपासणी करावी लागेल. मी कागदावर लिहून देते."

"नको," बेकरीवाला म्हणाला. "मी सांगतो. तोंडानं सांगतो."

तापाच्या खोलीला अंगणाकडून एक मोठी काच बसवली होती, नातेवाइकांना लांबून माणूस दिसावा म्हणून. तिकडे जायचं तर आतून वाट नव्हती. त्याला बाहेर पडून, बोळातून रस्त्यावर येऊन, त्या समोरच्या दारानंच जावं लागलं. दारापुढच्या खडूच्या वर्तुळात आपली पाळी येईपर्यंत तो उभा राहिला. तिथून बेकरी किती जवळ दिसते हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. गल्ल्यावर बायको होती, पुढे तीन-चार गिऱ्हाइकं होती. एकीनं त्याला पाहिलं आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, आणि हातातली पुडी खाली ठेवून ती शटर ओढू लागली. गिऱ्हाइकांमध्ये इस्त्रीवालाही होता. त्याची आणि बेकरीवाल्याची नजरानजर झाली. इस्त्रीवाल्यानं लगेच मान वळवून रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. काही दिसलंच नाही असं दाखवत तो चालू लागला. एवढी सभ्यता आपण त्याला दाखवली नव्हती, हे बेकरीवाल्याला त्या वर्तुळात उभं राहून आठवत राहिलं.

सिस्टरनं मावशीला अंगणात काचेसमोर आणून उभं केलं. आत बेकरीवाल्यानं मास्क काढला.

मावशीचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांनी तिला त्याचं तोंड दिसलं होतं. तिनं काचेला हात लावला.

"मावशी," तो म्हणाला. हळूहळू, एकेक शब्द. "मला साथीचा आजार झालाय बहुतेक. मला सकाळीच माहीत होतं. या दारानं यायची लाज वाटली, म्हणून तुला घेऊन आलो. आता तुलाही लागला असेल. वेगळं राहावं लागेल."

मावशी त्याच्या ओठांकडे बघत होती. हसू अजून तिच्या चेहऱ्यावर होतं, ते उतरायचं राहून गेलं होतं.

"म्हणजे गुडघ्यासाठी नाही आणलंस?" तिनं विचारलं.

तिचा तो चढा आवाज काचेतून आत आला, आणि भिंतीवरून बाहेर रस्त्यावरही गेला असणार. आजाराचं तिनं काहीच विचारलं नाही.

त्याला खोटं बोलता आलं असतं. गुडघ्यासाठीही आणलं होतं, असं म्हणता आलं असतं.

"नाही," तो म्हणाला.

"मी सगळ्यांना सांगत बसले," मावशी म्हणाली. "त्या पोटुशीला सांगितलं. बाईंना सांगितलं."

"मावशी, माझं चुकलं. मी..."

मावशीनं डोळे मिटले.

तो बोलत राहिला. त्याला थांबताच येईना. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली, ती त्यानं बाहीनं पुसली आणि पुन्हा बोलू लागला. बाहेर मावशी डोळे मिटून, दुखरा पाय जरा उचलून धरून उभी होती. मग सिस्टरनं तिच्यासाठी स्टूल आणलं, आणि डोळे न उघडताच ती त्याच्यावर बसली, काचेकडे पाठ करून.

त्याला तोच आजार निघाला. बेकरीचं शटर खाली राहिलं. बायको मागच्या खोलीत आणि तो सामानाच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांमध्ये. आजारानं त्याला फार छळलं नाही. अंगदुखी ओसरली, ताप उतरला. त्या खोलीची खिडकी गल्लीत उघडायची आणि समोर, वरच्या अंगाला, मावशीची खिडकी होती. तो रोज संध्याकाळी मास्क न लावता आपल्या खिडकीत बसायचा, म्हणजे तिला बोलायचं झालं तर बोलता यावं. मावशीचा पडदा हलायचा नाही. आत दिवा लागायचा, विझायचा. कधी ती खोकल्यासारखं त्याला वाटायचं आणि तो श्वास रोखून ऐकत राहायचा. नुसतं भांडं पडलेलं असायचं. ती आजारी पडली तर काय करायचं, याचा विचार करायला तो सुरुवात करायचा आणि अर्ध्यावर सोडून द्यायचा. गल्लीतून जाणारे लोक त्याच्या खिडकीखालून जाताना पलीकडच्या बाजूला सरकत. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. ते शहाणपणाचंच होतं.

एका दुपारी सिस्टरचा फोन आला.

"मावशींचा अहवाल आला. काही निघालं नाही," ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, "त्या गर्भार बाईंचंही ठीक आहे."

"सिस्टर, त्या दिवशी दारात मी..."

"ठेवते. रांग आहे," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

बेकरीवाला पोत्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. वास अजून आला नव्हता. हाताला मैदा लागला होता, त्याच हातानं त्यानं डोळे पुसले.

संध्याकाळी पडदा सरकला. मावशी खिडकीत उभी होती, केस विस्कटलेले, कपडे घरातलेच. तिनं खाली पाहिलं.

"गुडघा दुखतोय!" ती म्हणाली. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. "बरा झालास की मला परत न्यायचं. नुसतं गुडघ्यासाठी!"

तो ताडकन उभा राहिला. "मावशी, माझं फार..."

मावशीच्या पापण्या खाली आल्या. तो शब्द तोंडातच धरून थांबला. बऱ्याच वेळानं एक डोळा किलकिला झाला, याचं बोलून झालं का ते बघायला.

"कुठे दुखतंय?" त्यानं विचारलं.

दोन्ही डोळे उघडले.

"वाटीच्या खाली," मावशी म्हणाली. "आतल्या अंगाला. उतरताना जास्त, चढताना कमी. आणि सकाळी उठल्यावर तर असा धरतो, की भिंतीला हात लावल्याशिवाय पहिलं पाऊल टाकवत नाही. त्या दिवशी तुझ्यामागे पळाले ना, त्यानंतर वाढलंय..."

गल्लीतल्या एकेका खिडकीत माणसं येऊन उभी राहू लागली. मावशी त्याच आवाजात सगळं सांगत होती. बेकरीवाल्यानं खिडकी लावली नाही. मान वर करून तो ऐकत राहिला, आणि ती थांबली की विचारायचा, "मग?"